दार आपटू नका, दोन ‘टक’ मोजा

गंगाखेडकडच्या एका सरांचा प्रश्न आलाय. गाडी छोटी, बारा वर्षं जुनी. ड्रायव्हरच्या बाजूचं दार लागेना झालंय. लावलं की उसळी मारून परत येतं, दहा वेळा आपटावं तेव्हा एकदा बसतं. आठवडा झाला, आतल्या हँडलला सुतळी बांधून दुसरं टोक सीटखाली अडकवतात आणि शाळेत जाऊन येतात. गॅरेजवाल्यानं बघताक्षणी सांगितलं, ‘लॉक गेलं, पूर्ण बदलावं लागंल.’ सरांचं म्हणणं एवढंच, की रविवारी घरी बसून काही करता येईल का.

येईल. परभणीत बावीस वर्षं मी दारं, काचा आणि लॉक एवढंच काम करतो. ‘लॉक गेलं’ म्हणून माझ्याकडं आलेल्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त लॉकं गेलेली नसतात, तुंबलेली असतात. पण आधी ती सुतळी. सर, दार दुरुस्त होईपर्यंत गाडी अंगणातच राहू द्या. सुतळीनं दार ओढून धरता येतं, अपघातात ते धरून ठेवता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत क्रमांक ११ चा नियम खास दाराच्या लॉकांचा आणि बिजागऱ्यांचा आहे. त्यात पूर्ण बसलेल्या लॉकनं ११,००० न्यूटनचा, म्हणजे साधारण अकराशे किलोचा ताण सोसावा अशी अट आहे. अर्धवट बसलेल्या लॉकला हीच अट ४,५०० न्यूटनवर येते. सुतळीचा हिशेब तुम्हीच करा.

तो ‘पूर्ण’ आणि ‘अर्धवट’ काय प्रकार आहे ते कळलं की निम्मं काम झालं. दार उघडा आणि त्याच्या जाड कडेला बघा. तिथं एक फट आहे आणि फटीत पोलादी जबडा दिसतो, ‘यू’ अक्षरासारखा. त्याच्या समोर गाडीच्या खांबावर वाकवलेली लोखंडी कडी आहे, तिला स्ट्रायकर म्हणतात. दार लावलं की कडी जबड्यात शिरते आणि जबडा फिरतो. त्याच्या मागं स्प्रिंगवर बसलेला एक छोटा खटका असतो, तो जबड्याच्या दातात पडतो. जबड्याला दात दोन. पहिल्या दातात खटका पडला की दार अर्धवट लागलेलं असतं, लाईट चालू राहतो आणि दार थोडं हलतं. दुसऱ्या दातात पडला की ते पूर्ण बसलं. बाहेरचं हँडल घ्या नाहीतर आतलं, दोन्ही एकच काम करतात: खटका उचलतात. खटका सुटला की जबडा आपल्या स्प्रिंगनं उघडतो आणि कडीला सोडून देतो.

आता एक मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या. दार उघडंच असू द्या. स्क्रू ड्रायव्हर जबड्यात कडीसारखा आडवा धरा आणि कडी ज्या दिशेनं आत शिरते त्या दिशेनं जबडा दाबा. टक. आणखी दाबा. टक. हे दोन आवाज खणखणीत आले पाहिजेत आणि स्क्रू ड्रायव्हर काढल्यावर जबडा जागच्या जागी बंद राहिला पाहिजे. मग बाहेरचं हँडल ओढा. जबडा फाडकन उघडला पाहिजे. पुन्हा बंद करून आतल्या हँडलनं बघा. जबडा बंद असताना दार मात्र लावू नका. कडी बंद जबड्यावर आदळते आणि चांगलं लॉक तुम्हीच मोडता. मी हे नेहमी दोनदा सांगतो. तरी वर्षातनं एखादा येतोच, ‘तुम्ही सांगितल्यासारखं केलं आणि दार आता बिलकुलच लागंना’ म्हणत.

सरांच्या दाराचं काय झालंय ते या चाचणीत उघडं पडतं. दार उसळतं त्याची कारणं फार नाहीत.

जबडा फटीत आधीच बंद दिसत असेल तर कडीला आत जायला वाट नाही. हँडल ओढून तो उघडा. कधीकधी लेकरं उघड्या दाराशी खेळताना बोटानं किंवा काडीनं तो बंद करून ठेवतात. खर्च शून्य. जबडा फिरतो पण टक आवाज येत नाही किंवा मऊ, मेल्यासारखा येतो, आणि जबडा परत उघडतो, तर खटका चिकटलाय. दहा वेळा आपटल्यावर एकदा बसणं हे याचंच लक्षण, म्हणून माझा संशय इथंच आहे. टक आवाज येत नाही आणि बाहेरचं हँडलही पूर्ण खाली बसत नाही, तर हँडलची स्प्रिंग गेलीय किंवा आतल्या हँडलची केबल गंजून ओढलेल्या अवस्थेत अडकलीय, त्यामुळं खटका कायम उचललेला राहतो. आणि दोन्ही टक चोख येत असतील तर लॉक ठणठणीत आहे. मग घोळ कडीत नाहीतर बिजागरीत, त्याच्याकडं नंतर येतो.

चिकटलेला खटका हा आपल्या भागाचा खास आजार. कंपनीतून लॉक येतं तेव्हा आत ग्रीस असतं. त्यावर काळ्या मातीचा फुफाटा बसतो, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत ते वाळतं, पावसाळ्यात भिजतं, परत वाळतं. चार-पाच वर्षांत आत डिंकासारखा थर तयार होतो. एकदा मानवतकडच्या एका कापूस व्यापाऱ्याची गाडी आली होती, रोज जिनिंगच्या आवारात उभी राहणारी. लॉक बाहेर काढून उघडलं तर ग्रीसमध्ये सरकीचा तंतू मुरून घोंगडीच्या तुकड्यासारखा जाड नमदा झालेला. चिमट्यानं ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, त्यावर जबड्याचा ठसा सुद्धा उमटलेला. लॉक धुतलं, तेच परत बसवलं. त्या माणसाला दुसरीकडं दोन्ही पुढची लॉकं बदलायला सांगितली होती.

तर पहिला प्रयोग साफसफाईचा, त्यासाठी दार खोलायची गरज नाही. दाराखाली जुनं कापड अंथरा. गंज सोडवणारा स्प्रे आणा, ज्याला लाल नळी लावता येते तो. नळी फटीत घालून जबड्याच्या मागं दोन्ही बाजूंनी मारा आणि पाच-दहा मिनिटं चहा घेऊन या. मग स्क्रू ड्रायव्हरनं बंद, हँडलनं उघड, असं वीस-पंचवीस वेळा करा. काळं पाणी गळायला लागंल. पुसा, परत मारा, परत हलवा. गळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला टक आवाज बदललेला तुम्हाला आपोआप कळंल, लाकडावर मारल्यासारखा होता तो लोखंडावर मारल्यासारखा येतो.

इथं बहुतेक जण थांबतात आणि दोन महिन्यांनी परत येतात. स्प्रे म्हणजे ग्रीस नव्हे. या स्प्रेंपैकी डब्ल्यूडी-४० च्या नावातच ते लिहिलंय: वॉटर डिस्प्लेसमेंट, म्हणजे पाणी हटवणारा चाळिसावा प्रयोग. १९५३ साली अमेरिकेत ते ओल आणि गंज दूर ठेवायला बनवलं, दाराच्या लॉकात वर्षभर टिकायला नाही. तासभर सुकू द्या आणि मग पांढरं लिथियम ग्रीस लावा. ते मिळालं नाही तर स्पेअरच्या दुकानातलं साधं एमपी ग्रीस चालंल. तुरीच्या दाण्याएवढं जबड्याच्या वळणावर, तेवढंच खटक्याकडं, आणि कडीवर नुसता हात फिरवल्यासारखा पातळ थर. जास्त लावलं तर कपड्याला लागतं आणि धूळ दुप्पट धरतं. जुनं इंजिन ऑईल तर बिलकुल नको. ‘फुकट आहे म्हणून घातलं’ असं सांगणारे फार भेटतात. त्यांच्या लॉकात महिन्याभरात चिखल झालेला असतो. पेट्रोलनं धुणंही नको. आत प्लास्टिकचे भाग आहेत, सेंट्रल लॉक असेल तर मोटर आणि वायर आहे, आणि पेट्रोलला पेट घ्यायला वेळ लागत नाही. चावीच्या भोकात ग्रीस भरू नका, तिथं ग्राफाइटची कोरडी पावडर. नसंल तर मऊ पेन्सिलीचं शिसं चावीवर घासून चावी चार वेळा आतबाहेर करा.

एवढ्यानं सरांचं दार लागलं पाहिजे. नाही लागलं, किंवा हँडल ढिलं पडलंय, बाहेरून उघडतं पण आतून नाही, असं काही असंल तर दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढावं लागतं. आधी काच पूर्ण वर घ्या, नाहीतर आत हात घालायला जागा मिळत नाही. चावी खिशात ठेवा, गाडीत नाही, आणि दुसऱ्या बाजूची एक काच खाली असू द्या. लॉक तपासताना सेंट्रल लॉक लागून चावी आत अडकलेली लोकं मी माझ्याच अंगणात पाहिलीत. वायरचे कनेक्टर सोडायचे असतील तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, बहुतेक गाड्यांत दहा नंबरचा पाना लागतो. दारात एअरबॅगचा सेन्सर असलेल्या गाड्या आता आल्यात. त्यांचं कनेक्टर सुटलेलं असताना इग्निशन चालू केलं की एअरबॅगचा दिवा पेटून बसतो. तुमची तशी असंल तर पॅड गॅरेजवाल्यालाच काढू द्या.

पॅडचे स्क्रू लपवलेले असतात. एक आतल्या हँडलच्या वाटीत, एक-दोन हात टेकायच्या पट्टीच्या खोबणीत, बऱ्याचदा त्यावर नखाएवढं झाकण. सगळे निघाल्याशिवाय पॅड ओढलं तर प्लास्टिक तडकतं. हातानं फिरवायची काच असंल तर त्या हँडलला मागून तारेची क्लिप असते. हँडल आणि पॅडच्या मधनं एक फडकं घाला, दोन्ही टोकं धरून बूट पुसल्यासारखं डावं-उजवं ओढा, क्लिप टुणकन उडते. ती कुठं उडाली ते बघणारा एक माणूस शेजारी उभा करा. मग पॅड खालच्या कोपऱ्यातनं सुरू करून एकेक क्लिप सोडवत यायचं आणि शेवटी वर उचलून काचेच्या कडेवरनं काढायचं. आपल्याकडच्या उन्हात बारा वर्षं भाजलेल्या क्लिपा दोन-चार तुटणारच. पाच-सहा आधीच आणून ठेवा, चहाच्या पैशात येतात.

पॅडच्या मागं प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडू नका. हळूहळू सोडवून बाजूला मुडपा. पावसात काचेवरनं दाराच्या आत पाणी जातंच, ते गाडीत येऊ नये म्हणून हा कागद. घाईत टराटरा फाडला की जून-जुलैत पायाखालची चटई ओली होते आणि माणूस महिनाभर छताला दोष देत बसतो.

आता आत मोबाईलनं फोटो काढा. बॅटरीच्या उजेडात, दोन-तीन बाजूंनी. लॉककडं जाणाऱ्या बारीक सळया दिसतील: एक बाहेरच्या हँडलची, एक चावीची, एक लॉकच्या बटणाची. आतल्या हँडलला बऱ्याच गाड्यांत सळईऐवजी केबल असते. प्रत्येक सळईच्या टोकाला रंगीत प्लास्टिकची चिमटी असते. बाहेरून दार उघडेनासं झालं की दहातल्या सात वेळा ही चिमटी तुटलेली असते आणि सळई नुसती लोंबत असते. चिमटी सळईवरनं फिरवून बाजूला करा, मग सळई भोकातनं काढा. ओढायची नाही. चिमट्या डाव्या-उजव्या वेगळ्या असतात, जुनी दाखवून नवी घ्या. तार गुंडाळून चालवणारे लोक असतात, पण ती तार खड्ड्यात हलून कधी खटका उचलून धरील याचा नेम नाही.

सळई परत लावताना एक बारीक गोष्ट जपा. बाहेरच्या हँडलच्या सळईला बहुधा फिरकीची प्लास्टिक बोंडी असते, तिनं लांबी कमी-जास्त होते. हँडल उचलायला लागलं की पहिले एक-दोन मिलिमीटर काहीच हलू नये, मग खटका उचलला जावा. ‘हँडल कडक पाहिजे’ म्हणून बोंडी पिरगाळत बसलात तर खटका अर्धा उचललेलाच राहतो, दातात पूर्ण पडत नाही, आणि असं दार एखाद्या खड्ड्यात आपसूक उघडतं.

लॉक बाहेरच काढायचं असंल तर दाराच्या कडेवर तीन स्क्रू असतात, बऱ्याच गाड्यांत टी-३० मापाचा स्टार बिट लागतो. कंपनीतून ते गोंद लावून बसवलेले असतात. बिट पूर्ण खोल बसवा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीवर हातोडीचा एक ठोका द्या, मग जोर लावून फिरवा. अर्धवट बसलेला बिट फिरवून डोकं गोल केलंत तर ड्रिलशिवाय तो स्क्रू निघत नाही आणि रविवार संपतो. काढलेलं लॉक उजेडात धरून दात बघा. दाताची धार गोल झाली असंल, खटका झिजलेला असंल किंवा स्प्रिंग तुटली असंल तर ते लॉक खरंच गेलं. वेल्डिंगनं दात भरून, कानसीनं घासून बसवणारे कारागीर आहेत. मी करत नाही. वेल्डच्या उष्णतेनं त्या पोलादाचा कडकपणा जातो, आणि वर सांगितलेले अकराशे किलो तोच दात सोसणार असतो.

दोन्ही टक व्यवस्थित येऊनही दार जुळत नसंल तर दार अर्धं उघडा आणि टोकाला धरून वर उचला. खडखड करत वर-खाली हललं तर बिजागरीची पिन झिजलीय, दार खाली लोंबलंय, जबडा कडीच्या खालच्या अंगाला घासतोय. कडीवर चकचकीत ओरखडा दिसंल. पिन बदलणं डेंटरचं काम, घरी नको. बिजागरी घट्ट आहे आणि तरी ओरखडा आहे, तर कडी सरकवायची. तिच्याभोवती आधी मार्करनं रेघ मारून घ्या, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. स्क्रू थोडेच ढिले करा, बऱ्याचदा टी-४० लागतो. दोन्ही पूर्ण काढू नका. काही गाड्यांत मागची नटाची पट्टी मोकळी असते, ती खांबाच्या आत पडली की तारेचा हूक करून मासेमारी करत बसावं लागतं. मी केलीय, दीड तास. एका वेळी एक मिलिमीटर सरकवा, आवळा, दार हळू लावून बघा. लागलेल्या दाराची कड मागच्या दाराशी एका पातळीत आली की थांबा.

मध्येच एक सोपी चाचणी: काच खाली घेऊन दार लावा. काच खाली असताना अलगद लागत असंल आणि सगळ्या काचा बंद असताना जोर लागत असंल तर लॉकचा काही दोष नाही, आत कोंडलेली हवा दार ढकलतीय. नवीन रबर बसवल्यावर काही दिवस असं होतं.

मागचं दार आतून उघडेना म्हणून तक्रार असंल तर काहीही खोलायच्या आधी दाराच्या कडेवरची लेकरांच्या लॉकची छोटी कळ बघा. गाडी धुताना फडक्यानं ती पडते. लग्नाच्या सीझनमध्ये या एका कळीसाठी माझ्याकडं येणाऱ्यांकडनं मी पैसे घेत नाही, चहा घेतो.

सेंट्रल लॉक सगळ्याच दारांना चालेना तर फ्यूज. एकाच दाराला चालेना आणि आतनं घर्रघर्र येतंय, तर मोटरचा प्लास्टिक गिअर गेलाय. काहीच आवाज नाही, तर दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीत वायर तुटलीय का बघा. ड्रायव्हरचं दार सगळ्यात जास्त उघडझाप होतं, म्हणून तिथलीच आधी तुटते.

पॅड बसवायच्या आधी परत उघड्या दारात सगळी चाचणी: दोन टक, बाहेरचं हँडल, आतलं हँडल, बटण, चावी, रिमोट. मग जबडा उघडा करून दार हळू लावा, नुसत्या तळहातानं. प्लास्टिकचा कागद परत घट्ट चिकटवा, दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं काडीनं मोकळी करा. काळी माती तिथं सिमेंटसारखी बसते, पाणी आतच साचतं आणि लॉकला खालनं गंज चढतो. बोअरच्या पाण्यानं प्रेशर मारून गाडी धुणाऱ्यांनी फवारा जबड्याच्या फटीत धरू नये, ग्रीस निघून जातं आणि क्षार मागं राहतो.

आणि दार बंदच अडकलंय, बाहेरूनही नाही, आतूनही नाही, असं झालं तर एकानं बाहेरून गुडघ्यानं दार आत दाबायचं आणि दुसऱ्यानं आतलं हँडल ओढायचं. दाब कमी झाला की खटका बऱ्याचदा सुटतो. नाही सुटला तर बंद दारातच पॅड काढावं लागतं. ते नवख्याचं काम नाही, गाडी आणा.

सर, तुमचं लॉक धुऊनही टक देत नसंल आणि बदलायचंच ठरलं, तर जुनं लॉक काढून पिशवीत घालून दुकानात न्या. डावं-उजवं वेगळं, सेंट्रल लॉकचं आणि साधं वेगळं, आणि एकाच गाडीच्या जुन्या-नव्या मॉडेलमध्ये सळईची भोकं वेगळ्या जागी असू शकतात. दुकानदार ‘सगळं सारखंच असतं’ म्हणाला तर काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवा, भोकं जुळवून बघा, आणि तिथंच स्क्रू ड्रायव्हर मागून नव्या लॉकचे दोन टक ऐकून मगच पैसे द्या.